आईला काही कमी नाही

नोकरीत असताना मी ज्या ज्या घरी गेलो, तिथे मला कोणी बोलावलेलं नव्हतं. दार उघडणारा आधी माझ्या चपलांकडे बघे, मग हातातल्या बॅगेकडे, आणि मग आत वळून कुणाला तरी हाक मारी. त्या हाकेचा सूर मी नीट ऐकून ठेवत असे. माझं काम तिथूनच सुरू होई.

मी आयुर्विम्याच्या दाव्यांची चौकशी करत असे. विमा काढून थोडाच काळ झालाय आणि माणूस गेला, तर कंपनी लगेच पैसे देत नाही, आधी कुणाला तरी घरी पाठवते. भोपाळ, सीहोर, विदिशा, रायसेन एवढ्या इलाक्यात तो ‘कुणीतरी’ मी होतो. गेलेला माणूस आधीपासून आजारी होता का, वय खरं सांगितलं होतं का, हे घरच्यांना न दुखवता काढून घ्यायचं. ‘न दुखवता’ हे कंपनीचं म्हणणं. तेराव्याच्या आत एखाद्याच्या घरी जाऊन ‘त्यांना दम लागायचा का हो?’ असं न दुखवता कसं विचारायचं, ते कंपनीने कधी सांगितलं नाही.

विदिशाच्या एका घरात पाच माणसांनी मला वेगवेगळ्या वेळी एकच वाक्य ऐकवलं, ‘रात को दूध पीकर सोए, सुबह उठे ही नहीं.’ दुःखात माणसं अशी बोलत नाहीत. एकाला दूध आठवतं, दुसऱ्याला आदल्या दिवशीचं भांडण, तिसऱ्याला काहीच आठवत नाही. सगळ्यांना सारखंच आठवतंय म्हणजे ते पाठ केलेलं असतं. मी खोदत गेलो, तर ते गृहस्थ विमा काढण्याच्या आधीपासून नागपूरला हृदयाचे उपचार घेत होते, तेही मेहुण्याच्या नावाने.

उलटही झालं. रायसेनला एक तरुण विधवा माझ्या प्रश्नावर चक्क हसली. मी संशयाचा शेरा मारला आणि कित्येक दिवस त्या घराची पाळंमुळं शोधत फिरलो. सगळं स्वच्छ होतं. शेवटी तिच्या सासऱ्यांनीच सांगितलं, मला दिलेल्या खुर्चीचा एक पाय आखूड होता आणि मी तोंड गंभीर ठेवून डुगडुगत होतो. ‘बहुत दिन बाद हँसी थी बहू,’ ते म्हणाले.

निवृत्त झालो तरी डोळ्यांची सवय जात नाही. आम्ही भोपाळला इंद्रपुरीत राहतो. माझी बायको सुमन म्हणते, ‘तुम्ही भाजीवाल्याचाही जबाब घेता.’ त्यामुळे डॉ. ऋचा मुळे आमच्या बैठकीच्या खोलीत येऊन बसली, तेव्हा तिला जे भोगावं लागलं त्यात नवल नव्हतं.

ऋचा मूळची इंदूरची, तिशीतली, समाजशास्त्रात संशोधन करणारी. अशोका गार्डन आणि इंद्रपुरी या दोन वस्त्यांतल्या वयस्क माणसांचं बरं चाललंय की नाही, याचा अभ्यास तिच्या संस्थेला करायचा होता. ती म्हणाली, ‘काका, आम्ही प्रश्न बनवून तुमच्याकडे नाही येऊन राहिलो. काय विचारायचं, कसं विचारायचं, कोणाला दाखवायचं, ते तुम्ही लोकच सांगाल. मार्गदर्शक मंडळ असेल आणि त्यात सगळे साठीच्या पुढचे.’

‘मला कोणी सुचवलं?’

‘तुमच्या कॉलनीतल्या तीन लोकांनी. म्हणाले, दिघे काका सगळ्यांवर शक करतात, त्यांना घ्या.’

मला वाटलं, आमचे पांढरे केस छापील पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर हवे असतील. किंवा मागे एखादा बिल्डर असेल, ज्याला म्हाताऱ्यांसाठी फ्लॅट बांधायचे आहेत आणि कोण एकटं राहतं त्याची यादी हवी आहे. मी हो म्हणालो ते हे पकडायला. दुसऱ्याच दिवशी न कळवता तिच्या संस्थेत गेलो, गार्डशी गप्पा मारल्या, शिपायाबरोबर चहा घेतला. पुढच्या भेटीत ती म्हणाली, ‘काका, गार्ड सांगत होता, एक अंकल माझी पूछताछ करून गेले. अजून काही पाहायचं असेल तर सांगा, मी दाखवून देते.’ तिला राग आला नव्हता, आणि त्यामुळे माझा संशय थोडा वाढलाच.

मंडळ अशोका गार्डनमधल्या एका दवाखान्यावरच्या हॉलमध्ये बसायचं. आम्ही आठ-दहा जण होतो, पण बोलणारे दोघं. एक भार्गवजी, ज्यांचं रेल्वे लाइनच्या बाजूला नळ-पाइपांचं दुकान आहे. दुसऱ्या रईसा आपा, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स; मराठी त्यांना समजे, बोलत हिंदीत. पहिल्याच बैठकीत भार्गवजींनी विचारलं, ‘आधार नंबर लगेगा क्या?’ नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. दोघांचाही विश्वास बसला नव्हता.

रईसा आपांचं वेगळं होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘बेटा, इस शहर में गैस कांड के बाद से लोग पूछने आ रहे हैं. खून ले गए, साँस नाप गए, काग़ज़ भर ले गए. मैं ख़ुद उनके साथ घर-घर गई हूँ. लोग आज भी मुझसे पूछते हैं, आपा, उसका क्या निकला? मेरे पास जवाब नहीं है. तुम ले जाओगी, तो लौटकर आओगी?’

ऋचाने मान खाली घातली नाही की भाषण दिलं नाही. ती म्हणाली, ‘आप शर्त लिखवाइए.’

मग अटी ठरल्या. जे निघेल ते आधी इथल्याच लोकांना, याच हॉलमध्ये वाचून दाखवायचं, मग दिल्लीला की आणखी कुठे पाठवायचं तिथे पाठवा. प्रत्येक वयस्क माणसाशी एकट्याने बोलायचं, घरातल्या कोणीही समोर थांबायचं नाही. तिसरी अट माझी. उत्तरांवर नाव नको, आणि मंडळातल्या कोणालाही ती बघायला मिळू नयेत, मलासुद्धा. शेजाऱ्याच्या घरातलं कळलं की माणूस ते कुठेतरी बोलतोच. माझा अर्धा पगार त्याच बोलण्यावर निघत होता.

प्रश्नांवर बरेच दिवस गेले. संस्थेच्या मसुद्यात होतं, ‘तुम्हाला एकटेपणा वाटतो का?’ मी म्हणालो, याला सगळे नाही म्हणतील. मुलाची अब्रू असते. त्याऐवजी विचारा, काल तुमच्याशी कोण बोललं आणि कशाबद्दल? ‘औषध घेतलं का’ एवढंच बोलणं झालं असेल, तर तेही कळेल. रईसा आपांनी घातलेला प्रश्न असा, घरात शेवटचं तुमचं मत कोणी विचारलं, आणि कशाबाबत? हा प्रश्न ऐकून भार्गवजींनी हातातला कागद उलटा ठेवला. मग म्हणाले, ‘ये मुझसे मत पूछना.’

सगळ्या घरी जाण्याआधी थोड्या घरांत प्रश्न चालवून पाहायचं ठरलं; ती उत्तरं अभ्यासात धरायची नव्हती, म्हणून मंडळातलेही सोबत जाऊ शकत होते. ऋचाबरोबर मी अशोका गार्डनमधल्या एका मराठी घरी गेलो. कुसुमताई सबनीस, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, पंचाहत्तरीच्या आतबाहेर. मुलगा मिलिंद एका खासगी बँकेत, सून अनघा शाळेत शिकवते. रविवार होता, दोघं घरी होते.

‘आईला काही कमी नाही,’ मिलिंद दारातच म्हणाला.

पाणी देताना अनघा म्हणाली, ‘आईंना तसं काही कमी नाही.’

ऋचाने कुसुमताईंना नमस्कार केला आणि कशा आहात म्हणून विचारलं. त्या मुलाकडे बघून म्हणाल्या, ‘मला काही कमी नाही.’

मला विदिशाचं ते घर आठवलं. मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठलो आणि बघून घेतलं. कुसुमताईंच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती. दार जुनं, रंग उडालेला, पण कडी नवी आणि तिचे स्क्रू चमकत होते. आत पलंग, देवाचा फोटो, खिडकी. जन्मभर टेलिफोनवर काम केलेल्या बाईच्या खोलीत फोन नव्हता. ऋचाने एकट्याने बोलायचं म्हटल्यावर मिलिंद म्हणाला, ‘आई गोंधळते, मी इथेच बसतो.’ अट मोडत होती, म्हणून आम्ही प्रश्न न विचारताच निघालो.

जिन्यावरच मी ऋचाला म्हणालो, ‘म्हातारीला कोंडून ठेवतात. आजच पोलिसांकडे जाऊ.’

ती घाबरली होती, हे दिसलं. म्हणाली, ‘काका, खरंच धोका असेल तर कळवावंच लागेल, तसा नियम आहे आमचा. पण आपण फक्त कडी पाहिली. मला उद्या मंडळाला विचारून घेऊ द्या.’

मंडळात मी माझा जबाब मांडला. कडी, स्क्रू, एकच वाक्य. नोकरीत इतक्या पुराव्यावर मी फाइल बंद केली असती. भार्गवजी माझ्या बाजूने होते. रईसा आपांनी सगळं ऐकून विचारलं, ‘उन्होंने क्या कहा?’

‘त्या काय बोलणार? मुलगा समोर होता.’

‘तो उनसे पूछा नहीं. बेटा उनकी तरफ़ से बोलता है, अब आप बोल रहे हैं. पुलिस आएगी तो वो भी उनकी तरफ़ से बोलेगी.’

मला राग आला. पण पुन्हा जायचं मी कबूल केलं.

दोन दिवसांनी दुपारी रईसा आपा आणि मी पुन्हा गेलो. अनघा शाळेतून नुकतीच आली होती. आपांनी सरळ सांगितलं, ‘बेटा, हर घर में अकेले बात करने का क़ायदा है. तुम रसोई में बैठो, दरवाज़ा लगा लो. कुछ हुआ तो मैं नर्स हूँ.’ अनघा क्षणभर दारात अडखळली आणि आत गेली. मी बाहेरच्या खोलीत थांबायला तयार होतो, पण कुसुमताईच म्हणाल्या, ‘यांना बसू द्या. मराठीत बोलायला कोणी येत नाही.’

आपांनी कडीबद्दल विचारलं नाही. काल कोण बोललं, हा प्रश्न विचारला. कुसुमताई हसल्या. ‘बोलतात की. मी काही म्हटलं की हो आई म्हणतात आणि पुढचा कॉल घेतात.’ मग स्वतःच दाराकडे बघून म्हणाल्या, ‘कडी मीच लावायला सांगितली. एकदा घरातून निघाले ती रुळांपाशी जाऊन उभी राहिले. का गेले ते आठवत नाही. चहाच्या टपरीवाल्याने हाताला धरून आणून सोडलं. त्या दिवशी मिलिंद इतका रडला की मी म्हटलं, तुम्ही दोघं बाहेर असाल तेव्हा बाहेरून लावून जात जा. आणि बहिणीला, शेजारी कुणालाही सांगू नका. विचारलं तर काय म्हणायचं, तेसुद्धा मीच ठरवून दिलं.’

माझी सगळी चौकशी एका मिनिटात कोसळली. ते वाक्य पाठ केलेलं होतं, एवढंच मी बरोबर ओळखलं होतं.

‘फिर ठीक है?’ आपांनी विचारलं.

‘ठीक नाही ना,’ कुसुमताई म्हणाल्या. ‘तेव्हा मी सांगितलं. आता मला नकोय. दुपार फार लांब असते. बाहेरून कडी पडल्याचा आवाज आला की छातीत धस्स होतं. मी मिलिंदला सांगितलं, नको रे. तो म्हणतो, आई, तूच म्हणाली होतीस, तू विसरलीस. आता मी हो म्हटलेलं तेवढं खरं. नको म्हटलं की म्हणतात विसरते.’

त्यांच्या परवानगीने आपा संध्याकाळी मिलिंदशी बोलल्या. मीही होतो. तो खवळला. ‘तुम्ही माझ्या आईला फितवलंत. काका, ती रुळांवर गेली असती तर? तेव्हा कुठे होती तुमची कमिटी? मी रजा किती काढू? बाई ठेवली तर ती दुपारी झोपते. तुम्ही प्रश्न विचाराल आणि निघून जाल.’

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. मी शोधली, सापडली नाही.

‘हम बैठेंगे,’ आपा म्हणाल्या. ‘मंडल के लोग बारी-बारी से. जब तक तुममें से कोई घर न लौटे.’

मिलिंदने आमच्याकडे आलटून पालटून पाहिलं. त्याला वाटत असणार, या लोकांना आमच्या घरात शिरून काय हवंय? हे मी नेमकं ओळखू शकतो, त्याच्या जागी मलाही तेच वाटलं असतं. शेवटी त्याने आठवडाभर बघू म्हटलं. कडी काढली नाही, पण लावणं थांबवलं. पुढे पुष्कळ दिवस तो बँकेतून मध्येच, जो बसला असेल त्याला फोन करी आणि आईला द्या म्हणे. भार्गवजींनी तर बसल्या बसल्या त्यांचा गळका नळ दुरुस्त करून दिला.

माझ्या पाळीच्या एका दुपारी कुसुमताई पदर सावरून उठल्या आणि चपला घालून सरळ बाहेर पडल्या. मी ‘कुठे निघालात’ म्हणेपर्यंत त्या जिना उतरू लागल्या होत्या. हात धरून मागे आणणं सोपं होतं. पण मग कडी काय वाईट होती? मी मिलिंदला फोन लावला नाही आणि त्यांच्या मागे निघालो. लोकांच्या मागे चालणं मला येतं, नोकरीत केलेलं आहे. पण तेव्हा पुढच्या माणसाला काही झालं तर जबाब मला द्यावा लागत नसे.

किराणा दुकानं, दर्जी, पिठाची चक्की ओलांडून त्या रुळांच्या भिंतीपाशी गेल्या. तिथे भिंत फोडून लोकांनी वाट केली आहे. त्या वाटेच्या तोंडाशी थांबल्या. गाडी येत होती. मी अगदी जवळ गेलो, हात पुढे केला आणि त्यांना न लावता तसाच धरून ठेवला. मालगाडी होती, संपता संपेना. तिचा आवाज पूर्ण विरेपर्यंत त्या उभ्या होत्या. मग मागे न बघता म्हणाल्या, ‘सुपरवायझरसारखे मागे काय उभे राहता? एक्स्चेंजमध्ये असंच मागे उभं राहून ऐकायचे. सोबत चाला.’

त्यांनी मला ओळखलं होतं की जुन्या सुपरवायझरला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी सोबत चालत परत आलो. मिलिंदला त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. त्याने विचारलं, ‘तिने स्वतःच परत फिरायचं म्हटलं?’ मी हो म्हणालो. त्याने माझा चेहरा नीट निरखून पाहिला.

पुढच्या बैठकीला कुसुमताई स्वतः आल्या, आणि मंडळात राहिल्या. मधेच धागा सुटे, एकदा भार्गवजींना त्यांनी ट्रंक कॉल जोडून देते म्हणून थांबवून ठेवलं. पण प्रश्नांच्या यादीत त्यांनी एक भर घातली, ‘घरात तुमचं “नको” कोणी ऐकतं का?’ ऋचा म्हणाली, याची मोजदाद होऊ शकते हे तिच्या वरिष्ठांना पटणार नाही. कुसुमताई म्हणाल्या, ‘मग त्यांना आधी हा प्रश्न विचारा.’ प्रश्न राहिला.

घरोघरी विचारून झाल्यावर ऋचा खरोखरच परत आली. हॉल भरला होता. वयस्क होते आणि त्यांची मुलं-सुनाही आली होती, कारण आपांनी तसं बजावलं होतं. ऋचाने हिंदीत, साध्या भाषेत वाचलं. कुठल्या घराचं काय, हे कळू नये अशी काळजी घेतली होती. चालणं, दवाखाना, पेन्शन वगैरे शांतपणे ऐकून घेतलं गेलं. मग ती म्हणाली, बऱ्याच जणांनी सांगितलं की घरात त्यांचं ‘हो’ लगेच ऐकलं जातं, ‘नको’ कोणी ऐकत नाही.

हॉलमध्ये चुळबुळ झाली. एका मुलाने वडिलांकडे पाहिलं. एक सून सासूच्या कानाशी लागली, सासू समोर बघत राहिली. मागून कुणीतरी विचारलं, ‘ये किसने कहा?’

‘ये नहीं बताया जाएगा,’ रईसा आपा म्हणाल्या.

मला पहिल्यांदा कळलं की एकाही नावाशिवाय सगळ्या घरांवर संशय टाकता येतो. मिलिंद मागे उभा होता. खरं तर त्यालाच आपल्या घरातलं उत्तर नक्की माहीत होतं, आणि तोच तेवढा निवांत दिसत होता.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, इंद्रपुरीतल्या घरांत आमचंही घर होतं. मी मंडळात असल्यामुळे मला कोणी विचारलं नव्हतं. सुमनला ऋचाने विचारलं होतं, मी त्या दिवशी अशोका गार्डनला होतो. ती हॉलमध्ये माझ्या शेजारीच बसली होती, हातातली पर्स मांडीवर ठेवून.

बाहेर पडल्यावर मी सहज म्हणून विचारलं, ‘तो नकोचा प्रश्न तुलाही विचारला असेल.’

‘विचारला.’

‘मग?’

‘मग काय, उत्तर दिलं.’ थोडं चालून ती म्हणाली, ‘आज पायी नको, गुडघा दुखतोय.’

एरवी मी म्हणालो असतो, एवढंसं तर अंतर आहे, चालल्याने मोकळा होईल. मी रिक्षा थांबवली. ती आधी बसली, मग मी. पूर्ण रस्ताभर ती बाहेर बघत होती आणि मी तिच्या चेहऱ्याकडे. जन्मभर चेहरे वाचूनच पोट भरलं. इंद्रपुरी आली, ती उतरली, फाटक उघडून आत गेली, आणि मला काहीही वाचता आलं नाही.